दार अडकलं होतं

अडसर करंगळीनं सरकला. फिटरनं मुद्दामच करंगळी लावली होती, कामाची ऐट मिरवायला. आणि तो हातभर लांब, मनगटाएवढा जाड लोखंडी दांडा खोबणीतून इतक्या मुकाट्यानं बाहेर आला की काय झालं ते तिला आधी कळलंच नाही. टोकाला जाऊन टेकला तेव्हा 'टक्' एवढाच आवाज झाला. "बघा आजी," फिटर म्हणाला, "लोणी आहे लोणी." गळ्यातलं 'साक्षीदार' लिहिलेलं कार्ड सरळ करायला तिनं हात वर नेला होता, तो तिथंच राहिला. पायाखालची जमीन सरकली वगैरे काही नाही. तसलं काही होत नसतं. फक्त सकाळी निघताना गॅस बंद केला होता की नाही असा एक भलताच विचार मनात येऊन गेला. बेचाळीस वर्षं ती जगाला सांगत आली होती की तळघराचं हे दार त्या दिवशी अडकलं होतं, तिनं आणि भावानं जीव खाऊन ओढलं तरी अडसर तसूभर हलला नाही, म्हणून भावाची सहा वर्षांची पोर बाहेर राहिली. आणि आज हा कोण कुठला तेलकट बोटांचा माणूस तोच अडसर करंगळीनं पुढेमागे करत होता, वर शाबासकीची वाट बघत होता.

दर वर्षी या दिवशी उद्यानवाले तिला आणि वहिनीला गाडी पाठवून बोलावून घेत. उद्यान छान ठेवलेलं. लढाईत बॉम्ब पडून मेलेल्यांच्या नावांची काळ्या दगडाची लांबच लांब भिंत, भिंतीसमोर कातरून सारखी केलेली हिरवळ, एक कारंजं, आणि एक घंटा, जिच्याशेजारी पाटी: 'शांततेसाठी एकदाच वाजवावी.' सहलीला आलेली पोरं चारचारदा वाजवत आणि त्यांच्या बाई त्यांच्यावर खेकसत. एवढी माणसं जिथं भाजून निघाली तिथं इतकं लुसलुशीत गवत कसं येतं, असा प्रश्न कुणाला पडत नसे. पडला असता तरी उद्यानाच्या माहितीपत्रकात त्याचं उत्तर नव्हतं. सांगायला उरलेत किती? सुरुवातीला पाच साक्षीदार होते, आता दोन, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याला स्वतःचं नावही आठवत नसे, तरी त्याला आणून खुर्चीत बसवत. राहता राहिली ती. तिची साक्ष अकरा मिनिटांची. ती पाठ होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती मुरलेली होती. आवाज कुठं खाली घ्यायचा, पाण्याचा घोट कुठं घ्यायचा, 'आणि मग बाहेर सगळं शांत झालं' या वाक्यानंतर मनात पाच आकडे मोजेपर्यंत कसं थांबायचं, हे सगळं वर्षानुवर्षं बसत गेलेलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. वर्षाचे बाकीचे दिवस ती भावाच्या घरातली बिनलग्नाची बहीण होती, दूध उतू जाऊ नये म्हणून ओट्याशी उभी राहणारी, कुणी आलं तर आतल्या खोलीत जाणारी. या एका दिवशी मात्र शंभरेक पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसत आणि मागे उभ्या असलेल्या एखाद्या शिक्षिकेला हुंदका आवरत नसे. पहिल्या रांगेत डावीकडच्या टोकाला वहिनी असे. दर वर्षी ती त्याच वाक्याला रडायला लागायची, आणि तो हुंदका ऐकू आला की तिला बरं वाटायचं, म्हणजे आपण ठीक सांगतोय असं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

दार इतकी वर्षं नगरपालिकेच्या कुठल्याशा गोदामात पडून होतं. या वर्षी उद्यानवाल्यांना सुबुद्धी सुचली आणि त्यांनी ते चौकटीसकट आणून, गंज काढून, भिंतीच्या कडेला उभं केलं, येणाऱ्याजाणाऱ्याला उघडझाप करून बघता यावी म्हणून. "तुमच्यासाठीच हो आजी," उद्यानाच्या बाई गाडीतच म्हणाल्या होत्या, "यंदा तुम्ही प्रत्यक्ष दारापाशी उभ्या राहून सांगायचं." त्या तरुण, उत्साही, आणि कोपरापाशी धरून चालवण्याची वाईट खोड असलेल्या. तिला वाटलं होतं गंजलेला एक पत्रा असेल, चार फुलं ठेवलेली असतील. आणि हे असं.

"एक सांगू का आजी?" फिटर म्हणाला. नको म्हणायच्या आत त्यानं खिशातून बॅटरी काढून खोबणीत उजेड पाडलासुद्धा. "मला आधी वाटलं, अडकलेला आहे म्हणजे आत वाकला असणार. काढून बघतो तर सरळसोट. अडकलेला दांडा दोघांनी ओढला तर आत ओरखडा पडतो, पडणारच. इथं बघा, रेघ नाही. हे दार कधी अडकलेलंच नाही." उद्यानाच्या बाईंनी घसा खाकरला. "अहो, बाहेर बॉम्ब पडल्यावर दणक्यानं बसला असेल घट्ट." "दणका नंतरचा ना?" फिटर आपला सरळ माणूस, हिशेब चुकला की तो दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नसावं. "आजींच्या साक्षीत तर आधीपासून अडकलाय. मी दोनदा ऐकलीय." एवढं बोलल्यावर मात्र बाईंच्या डोळ्यांकडे बघून त्याला काहीतरी उमगलं, आणि तो बॅटरी उगाचच लावत-मालवत उभा राहिला. तेवढ्यात वहिनी भिंतीकडून आली. दर वर्षी ती आधी भिंतीपाशी जाई आणि मुलीचं नाव ओल्या रुमालानं पुसून काढी. तो रुमाल तिच्या हातात होता आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ऐकलं नसेल, अशी आशा तिच्या चेहऱ्याकडे बघून ठेवता येत नव्हती.

तळघर कापडाच्या गोदामाखालचं. गल्लीतल्या एकशेचाळीस माणसांना ते नेमून दिलेलं, आणि दार सांभाळायचं काम तिच्याकडे आलेलं, कारण ती चोवीस वर्षांची होती, आवाज खणखणीत होता आणि कुणाची भीड बाळगायची नाही अशी तिची ख्याती होती. दाराच्या आत, वरच्या पायरीशी, एक फळी होती. फळीवर एकशेचाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा बिल्ला, एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं काळा. भोंगा झाला की आत येणाऱ्यानं आपला बिल्ला उलटा करून पायऱ्या उतरायच्या. जो लांब कामावर असेल, इथं पोचणार नसेल, त्याचा सकाळीच उलटून ठेवलेला असे. शेवटचा पांढरा बिल्ला काळा झाला की दार लावायचं, अडसर घालायचा, कंदील मालवायचा, आणि धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत उघडायचं नाही. आणि एक नियम सगळ्यांत वरचा: दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. हा नियम तिनंच घातला होता आणि ती तो अशी पाळून घ्यायची की लोक बॉम्बपेक्षा तिला वचकून असत. आठवड्यापूर्वीच म्हाताऱ्या बुकबाइंडरनं, बायको मागून येतेच आहे म्हणून, तिचा बिल्ला आपल्या बिल्ल्याबरोबर उलटा केला होता. बायको खरंच दोन पावलांवर होती. तरी हिनं त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. "आणि राहिली असती बाहेर, म्हणजे? तोंड कुठं लपवलं असतं तुम्ही?" तिनं विचारलं होतं. म्हातारा हात जोडून माफी मागेपर्यंत तिनं त्याला खाली जाऊ दिलं नाही. माफी मागताना त्याची हनुवटी थरथरत होती, आणि तिला त्या वेळी, आता आठवलं तरी कानशिलं तापतात, मजा वाटली होती. त्यानंतर तो खाली गर्दीत जायचाच नाही. पहिल्या पायरीवर, फळीच्या समोर बसून राहायचा, बिल्ले मोजत असल्यासारखा.

भाची तिच्या सतत मागे मागे असे. झोपेतून उठली की आत्या, जेवताना आत्या, आत्या न्हाणीघरात गेली तर दाराबाहेर बसून गाणी. तिला सगळे 'शेपूट'च म्हणत. त्या दिवशी दुपारी चारला भोंगा झाला. वहिनी गणवेश शिवायच्या कारखान्यात पाळीला गेलेली, तिचा बिल्ला सकाळपासून काळा. दादा कोपऱ्यावरच्या टपाल कचेरीतून धावत आला तो घामानं निथळत. तिनं त्याला "जा, जा खाली" म्हणत पुढे ढकललं, कारण मागे रेटारेटी चालली होती, आणि घरचे उरलेले तिन्ही बिल्ले एका हातानं सपासप उलटे केले. स्वतःचा, दादाचा, शेपटीचा. वळून बघितलं नाही. शेपूट मागे असणार, असतंच. ती का मागे राहिली ते कुणाला कधी कळलं नाही. बुटाचा बंद सुटला असेल, मांजर दिसलं असेल. फळी काळी झाली. तिनं दार ओढलं, अडसर घातला. दर आठवड्याला ती स्वतःच त्याला तेल घालत असे, त्यामुळे तो आवाज करत नसे. कंदील मालवला. खालून दादानं विचारलं, "शेपूट तुझ्याजवळ आहे ना गं?" आणि तिनं हात मागे नेला तर मागे कुणी नव्हतं.

मग दारावर वाजलं. तळहातानं, चपटं, लहान मुलं वाजवतात तसं. तीनदा. मग काही नाही. मग पुन्हा तीनदा. तीनदा वाजवायचं आणि थांबायचं, सारखं बडवायचं नाही, माणसाला दारापर्यंत यायला वेळ लागतो, हे तिला आत्यानंच शिकवलं होतं, तिच्या लुडबुडीला कंटाळून. पोर शिकवल्याप्रमाणे करत होती. "आत्या, मी आलेय," बाहेरून आलं; घाबरलेलं नव्हे, थोडं लाजलेलं, उशीर झाल्यावर येतं तसं. फक्त अडसर सरकवायचा होता. तिचा हात अडसरावर होताच. पण दार उघडलं की चारचं ऊन भस्सकन आत येणार, आणि त्या उजेडात आख्खी फळी काळी दिसणार, एकशेचाळीसच्या एकशेचाळीस, आणि त्यावर एक जण आत येणार, आणि पायरीवर बुकबाइंडर बसलेला. तो काही बोलणारही नाही. नुसता बघेल. ती बॉम्बला भ्यायली नव्हती, नियमाला धरून बसली नव्हती. ती अंधारात उभी राहून एवढंच शोधत होती की कुणाला न कळेल असं दार कसं उघडता येईल. उघडायचंच होतं. एवढं तीनदा वाजलं की उघडते. हे झालं की उघडते. दादा भिंत चाचपत वर आला, त्याला ऐकू गेलं होतं. त्याचा हात अडसरावर आला आणि तिच्या हातावर पडला. तो ओढायला लागला. ती दाबून होती. का दाबून होती हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात दाबून होता. दादा अंगानं काटकुळा, आणि बहिणीचा हात पिरगळायचा असतो हे सुचायला त्याला वेळ लागला. सुचलं तेव्हा त्या झटापटीत त्याचाच खांदा निखळला, आणि त्याच वेळी बाहेर ते झालं. नंतरच्या काळोखात, कानात शिट्ट्या वाजत असताना, तोंड उघडलं ते दादानं. "दार अडकलंय," तो खाली ओरडला, "अडसर निघत नाहीये." धोका टळल्याचा भोंगा झाला तेव्हा त्यानं आधी दाराला चार लाथा घातल्या, सगळ्यांना ऐकू जातील अशा, आणि मग अडसर काढला.

त्यावर तो पुन्हा कधी बोलला नाही. तिला वाचवायला खोटं बोलला की वहिनीला वाचवायला, हे तिनं चाळीस वर्षं ताडून बघितलं, त्याच्या जेवणावरून, पेपर वाचण्यावरून, हाक मारण्यावरून. पत्ता लागला नाही. वहिनी मात्र त्याचा तो खांदा रोज संध्याकाळी तेल लावून चोळायची. "पोरीसाठी निखळलाय हो," येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तो मान खाली घालून चोळून घ्यायचा. दीड वर्षापूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि वहिनीला तर जणू दुसरं मूल झालं: भरवणं, पुसणं, पालथं करणं, दिवसभर त्याच्याशी बोलणं. त्या घरात तिला स्वतःला एवढ्या कौतुकानं कुणी कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आता वहिनीनं रुमाल पर्समध्ये ठेवला, चष्मा सारखा केला आणि अडसराला बोट लावलं. सरकला. परत आणला. पुन्हा सरकवला. उद्यानाच्या बाई फिटरला घेऊन पलीकडे गेल्या. बहुधा त्याला झापायला. वहिनीनं पाच-सहा वेळा अडसर पुढेमागे केला, नवीन नळ बसवल्यावर बायका करून बघतात तसा.

"वन्सं," ती म्हणाली, "हा तर निघतोय."

उत्तरं किती तरी होती. तेव्हा गंजलेला होता. तेव्हा माझ्या हातात जोर नव्हता. हा फिटर दीडशहाणा आहे, ह्याला काय कळतंय. यातलं कुठलंही वहिनीनं घेतलं असतं, दोन्ही हात पसरून घेतलं असतं. तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं की ती काहीतरी मागते आहे आणि मिळेल ते घेऊन ती गप्प बसेल. आणि खरं सांगायचं तर, हीच वेळ होती. बेचाळीस वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वहिनी ओरडेल, कदाचित मारेल, घरातून जायला सांगेल. मग ती जाईल, एखादी खोली घेईल, आणि त्या खोलीत निदान मोकळा श्वास घेता येईल. हे सगळं तिच्या मनात अगदी स्वच्छ येऊन गेलं. ती खोलीसुद्धा दिसली, खिडकीसकट.

"दादानं धरून ठेवला होता," ती म्हणाली.

हे आपण ठरवून बोललो नाही असं ती पुढं स्वतःला सांगणार होती. पण वाक्य फार तयार होतं, शिजवून झाकून ठेवल्यासारखं. आणि दादाला आता बोलता येत नाही हे आपल्या लक्षातही नव्हतं, असंही ती सांगणार होती.

वहिनीनं अडसरावरचं बोट काढलं. "ह्यांनी?"

"वहिनी, तू बस आधी."

"ह्यांनी धरला होता?"

"शंभराच्या वर माणसं होती गं आत. विमानं डोक्यावर आलेली. तो म्हणाला, आता उघडायचं नाही. मी ओढत होते. मी केवढं ओढलं, वहिनी. त्याचा खांदा त्यातच निखळला." बोलायला मुळीच अवघड जात नव्हतं, याचं तिला नवल वाटत होतं. सगळ्या हालचाली तिला माहीत होत्याच. माणसांची फक्त अदलाबदल करायची होती. "नंतर त्यानं मला शपथ घातली. तुझ्या जिवाची. काय करणार होते मी?"

वहिनी रडली नाही. तिनं आजूबाजूला पाहिलं. पोरांच्या रांगा हिरवळीवर येऊन बसत होत्या, कुणीतरी घंटा वाजवत होतं. मग अगदी भाजीवालीला दर विचारावा अशा आवाजात तिनं विचारलं, "ती किती वेळ होती बाहेर?"

"मिनिटभर. तेवढंसुद्धा नाही."

"काही म्हणाली?"

"नाही. नुसतं वाजवत होती."

"कसं?"

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. वहिनी दाराकडे बोट दाखवत होती. "कसं वाजवत होती, दाखवा ना मला." तेव्हा तिनं पुढं होऊन तळहातानं दारावर वाजवून दाखवलं. तीनदा. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. वाजवून झाल्यावर तिनं हात खाली घेतला, आणि वहिनी वाट बघत राहिली.

"थांबली?"

"हो. मग परत."

"थांबायची कशाला? आतून कुणी उघडत नाही, विमानं डोक्यावर, आणि पोर थांबते? बडवायचं ना दार." वहिनीचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "बडवायचं ना."

"तिला तसं शिकवलं होतं. तीनदा वाजवायचं, मग माणूस येईपर्यंत थांबायचं."

"कुणी शिकवलं होतं?"

आता एवढं तरी आपलं आपल्याकडे ठेवता आलं असतं. एवढ्यानं काही बिघडणार नव्हतं. "दादानं," ती म्हणाली.

वहिनीनं मान हलवली. हळूहळू, बराच वेळ. मग तिनं एक गोष्ट केली जी तिनं कधी केली नव्हती: पुढं होऊन तिच्या गालावरून हात फिरवला, नाव पुसून पुसून ओलसर झालेला, गार हात. "आणि तुम्ही एवढी वर्षं हे पोटात ठेवलंत," ती म्हणाली. "एकट्यानं. आणि मी मेली तुमच्यासमोर त्यांचा खांदा चोळत बसायची." तिला तो हात झटकून टाकावासा वाटला, आणि तो आणखी थोडा वेळ तिथंच राहावा असंही वाटलं. दुसरं जास्त वाटलं.

"आजी, मुलं बसलीत. सुरू करायचं का?" उद्यानाच्या बाई धापा टाकत आल्या. "आणि त्या फिटरच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका हं. त्याला मी पाठवून दिलंय." तिला कोपरापाशी धरून दारासमोर उभं करण्यात आलं. ध्वनिक्षेपक एकदा किंचाळला आणि गप्प झाला. समोर शंभर पोरं, काही जांभया देत, काही एकमेकांचे केस ओढत. पहिल्या रांगेत डावीकडच्या टोकाला वहिनी. बोलता येईल की नाही अशी तिला शंका होती, पण पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि पुढची त्याच्या मागोमाग आली. गोदाम, फळी, बिल्ले. चारचा भोंगा. दार अडकलं. भाऊ आणि मी जीव खाऊन ओढत होतो; अडसर तसूभर हलला नाही. ती सांगत होती आणि सांगताना वहिनीकडे बघत होती, आणि वहिनी तिच्याकडे बघत होती, कोरड्या डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता. कौतुक होतं. बघा, काय ही बाई, अजूनही भावाची अब्रू झाकते आहे, असं ते कौतुक. 'आणि मग बाहेर सगळं शांत झालं.' तिनं मनात पाच आकडे मोजले. पोरांमधल्या जांभया थांबल्या होत्या. इतकं चांगलं तिला कुठल्याही वर्षी सांगता आलं नव्हतं. टाळ्या वाजवायच्या नसतात असं आधी बजावलेलं असूनही कुणीतरी दोन-चार वाजवल्याच, आणि चष्मेवाली एक मुलगी उठून पुढं आली नि तिच्या पाया पडावं तशी वाकून, दाराला हात लावून परत गेली.

परत येताना गाडीत वहिनी बाहेर बघत होती. एका चौकात म्हणाली, "इथं चपलांचं दुकान होतं ना?" घराच्या जिन्यात वहिनीनं तिला आधाराला हात दिला. एरवी ती पुढं धावायची, दादा उठला असेल म्हणून. दार नर्सबाईंनी उघडलं. "शहाणे होते आज," त्या पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "दूध सगळं प्यायले. जेवायला मात्र तुमच्याच हातचं पाहिजे म्हणतात, माझ्याकडून घेईनात." म्हणतात म्हणजे काय, तोंड फिरवतात. त्या गेल्या. खिडकीतून अजून चांगलं ऊन येत होतं, पलंगाच्या पायथ्याशी पसरलेलं. दादा उशीला टेकून बसवलेला, सकाळीच दाढी केलेला, वाकड्या तोंडानं दाराकडे बघत. बायको दिसली की त्याचा डावा हात चादरीवर हलायला लागायचा, तसा हलायला लागला. वहिनी त्याच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. हात धुतल्याचा आवाज आला, भांड्यांचा आला.

ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली, कारण पलंगापाशी दुसरी जागा नव्हती. दादाचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले, तिच्याकडे आले, परत तिकडे गेले. शरीर गेलेलं असलं तरी डोकं त्याचं शाबूत होतं, डॉक्टर म्हणालेच होते. आजचा दिवस कुठला, दोघी कुठून आल्या, आणि बायको आपल्याकडे न बघता आत का गेली, हे त्यानं जोडायला सुरुवात केली, आणि ते जुळत जाताना ती त्याच्या चेहऱ्यावर बघत होती. त्यानं ते चुकीचं जोडलं. म्हणजे, चांगल्या माणसानं जोडावं तसं जोडलं. आपल्या बहिणीनं आज सगळं सांगून टाकलं, असं त्याला वाटलं. त्याचे डोळे भरून आले, गळ्यातून एक घोगरा आवाज आला, आणि डाव्या हातानं चादरीवरून चाचपत चाचपत त्यानं तिचा हात शोधला आणि धरला. बेचाळीस वर्षांत त्यानं तिच्या हाताला हात लावला नव्हता. जपून जपून, कधी पेला घेतानासुद्धा नाही. आता तो तिचा हात थोपटत होता, घट्ट धरून, रडत, वाकड्या तोंडानं हसल्यासारखं करत. शाबास, म्हणत होता तो. झालं गं, सुटलो, असं म्हणत होता. तिला सगळं कळत होतं.

वहिनी बाहेर आली ती दोन ताटं घेऊन. रोज आधी दादाची वाटी यायची, मऊ भात कालवून, चमच्यानं फुंकर घालून. त्याचं होईपर्यंत बाकीच्यांचं जेवण नाही. तिनं ताटं टेबलावर ठेवली, एक तिच्या खुर्चीपुढं, एक स्वतःपुढं, आणि बसली. चमच्याचा आवाज ऐकून दादानं तोंड उघडलं, रोजच्यासारखं, आणि तो उघड्या तोंडानं वाट बघत राहिला.

"त्याचं?" तिनं विचारलं.

"बसा वन्सं," वहिनी म्हणाली. "तुम्ही आधी जेवा. गार होईल." आणि घास घेतला.

दादा तोंड उघडं ठेवून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. हात त्यानं अजून धरलेला होता, लहान मुलं धरतात तसा, अंगठ्याभोवती. पोटात भूक होती. सकाळपासून नुसत्या चहावर होती ती. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, हात मोकळा केला, आणि ती पानावर जाऊन बसली. वहिनीनं तिला आणखी भात वाढला. तिनं नको म्हटलं नाही.